हजर आरोपी, गैरहजर मन

इंग्लंडातील फौजदारी न्यायालयांत कित्येक शतके अशी वहिवाट होती की, आरोपीने आपल्यावरील दोषारोप ऐकून, तो आपणांस कबूल आहे की नाही, याचे उत्तर स्वतः दिल्यावाचून त्याच्यावर खटला चालवावयाचाच नाही. आणि म्हणून जो इसम हे उत्तरच देत नसे त्याचे काय करावे, हा तेथील न्यायाधीशांपुढे मोठाच पेच असे. अशा आरोपीविषयी ज्यूरीकडून प्रथम एवढेच ठरवून घेत, की हा मनुष्य हट्टाने गप्प आहे की ईश्वरी इच्छेनेच मुका आहे. आणि हट्ट आहे असे ठरले तर त्याला उताणा निजवून त्याच्या छातीवर दगडांची व लोखंडाची वजने एकामागून एक चढवीत, ती तो उत्तर देईपर्यंत किंवा प्राण सोडीपर्यंत. काही जण ही यातना समजून उमजून पत्करीत, कारण दोषसिद्धीपूर्वी मृत्यू आला तर मालमत्ता सरकारजमा न होता वारसांच्या हाती पडे. मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावी १६९२ साली चेटकिणींच्या खटल्यांची जी धुमाळी उडाली तीत जाइल्स कोरी नावाचा, ऐंशीच्या घरातला एक म्हातारा शेतकरी असाच दगडांखाली चिरडून मेला. इंग्लंडात हा प्रकार १७७२ साली बंद झाला खरा, पण त्यानंतरही पन्नासाहून अधिक वर्षे हट्टाचे मौन म्हणजे कबुलीच समजली जात होती. मौन म्हणजे इन्कार समजावा, एवढी साधी सुधारणा व्हावयास १८२७ साल उजाडावे लागले.

या क्रूर रिवाजाच्या पोटी एक शहाणा प्रश्न मात्र दडलेला होता, व तो रिवाज संपल्यावर उघडा पडला. जो हट्टाने नव्हे, तर खरोखरच बोलू शकत नाही, किंवा बोलू शकतो पण आपण कोठे उभे आहो व समोरची मंडळी आपले काय करू पाहत आहेत हेच ज्याला उमगत नाही, त्याच्यावर खटला चालवावा काय? १८३६ साली प्रिचर्ड नावाचा एक मूकबधिर इसम देहान्त शिक्षेस पात्र अशा आरोपाखाली उभा राहिला. त्याला लिहितावाचता येत होते, आणि दोषारोपपत्र वाचून त्याने खुणेने 'नाही' असे सांगितलेही. तथापि न्यायमूर्ती आल्डरसन यांनी ज्यूरीला बजावले की, तेवढ्याने भागत नाही. कामकाज कसकसे चालले आहे हे समजण्याइतकी, ज्यूरीतील एखाद्या माणसावर हरकत घेण्याइतकी, पुराव्याचा तपशील ध्यानात घेऊन आपला बचाव नीट मांडण्याइतकी बुद्धी या मनुष्यास आहे काय, हे पाहिले पाहिजे. ज्यूरीने 'नाही' असा निर्णय दिला. इंग्लंडात आजही या विषयाचा उगम याच खटल्यात शोधतात. यामागील तत्त्व असे की, आरोपीच्या पाठीमागे त्याचा निवाडा करू नये. आणि ज्याचे शरीर पिंजऱ्यात असून मन मात्र भलतीकडेच आहे, त्याच्या समक्ष चाललेला खटला हाही वस्तुतः त्याच्या पाठीमागेच चाललेला असतो.

येथे वाचकाने एक भेद पक्का ध्यानात घ्यावा, कारण वृत्तपत्रांतून व नाटकसिनेमांतून त्याची नेहमी सरमिसळ होते. आरोपीच्या मनाविषयी न्यायालय दोन स्वतंत्र प्रश्न विचारते. पहिला भूतकाळाविषयीचा: कृत्य घडले त्या क्षणी याचे मन ठिकाणावर होते काय? दुसरा वर्तमानाविषयीचा: आज, या न्यायासनापुढे, हा आपला बचाव करण्यास समर्थ आहे काय? गुन्ह्याच्या वेळी पूर्ण शुद्धीत असलेला मनुष्य तुरुंगात बुद्धिभ्रष्ट होऊ शकतो, आणि कृत्याच्या वेळी भ्रमिष्ट असलेला उपचारांनी बरा होऊन खटल्याच्या वेळी तुमच्याआमच्याइतका शहाणा असू शकतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आरोपीच्या बाजूने लागले तर तो निर्दोष ठरतो. दुसऱ्याचे लागले तर तो निर्दोषही ठरत नाही नि दोषीही ठरत नाही, त्याचा खटला नुसता तहकूब होतो. पहिला प्रश्न गाजतो. दुसरा कोणाच्या कानीही येत नाही, आणि माझ्या मते माणसांची अधिक हानी या दुसऱ्यानेच केलेली आहे.

गाजलेल्या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. २० जानेवारी १८४३ रोजी डॅनियल मॅक्‌नॉटन या ग्लासगोहून आलेल्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने लंडनमध्ये एडवर्ड ड्रमंड यांच्यावर पाठीमागून पिस्तूल झाडले. ड्रमंड हे पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचे खाजगी चिटणीस होते, व मारेकऱ्याची समजूत आपण खुद्द पीलसाहेबांनाच गोळी घातली अशी होती, असे मानले जाते. टोरी पक्षाचे लोक आपला पिच्छा पुरवीत आहेत, आपणांस कोठेही सुखाने राहू देत नाहीत, या भ्रमाने त्याला ग्रासले होते. पुढे सरन्यायाधीश झालेल्या अलेक्झांडर कॉकबर्न यांनी त्याचा बचाव केला, वैद्यकीय साक्षीदारांनी एकमुखाने त्याला भ्रमिष्ट ठरविले, आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. यावर एवढा गहजब झाला, राणी व्हिक्टोरियाही इतकी रुष्ट झाली, की उमरावांच्या सभेने न्यायाधीशांना पाचारण करून पाच प्रश्न घातले. आणि त्यांच्या उत्तरांतून जो नियम निघाला, की मनाच्या विकारामुळे आपल्या कृत्याचे स्वरूपच कळत नसेल किंवा ते गैर आहे हे कळत नसेल तरच मनुष्य दोषमुक्त व्हावा, तो पुढे अर्ध्या जगाने उचलला. खुद्द मॅक्‌नॉटनच्या खटल्याला हा नियम लावला असता तर तो सुटला असता की नाही याची शंकाच आहे. अर्थात 'सुटला' हा शब्दप्रयोगही येथे औपचारिकच समजावयाचा. निर्दोष ठरलेला हा इसम प्रथम बेथलेम येथील वेड्यांच्या इस्पितळात आणि १८६४ साली नव्याने बांधलेल्या ब्रॉडमूर येथे, असा बावीस वर्षे बंदिस्त राहून १८६५ साली तेथेच मेला.

आपल्याकडे मेकॉलेच्या मंडळाने ज्याचा मसुदा १८३७ साली तयार केला तो दंडसंहितेचा कायदा १८६० साली मंजूर झाला, व त्याच्या ८४ व्या कलमात हाच नियम काहीसा सुटसुटीत करून घातला गेला: कृत्य करताना मनोविकलतेमुळे ज्याला त्या कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर वा कायद्याविरुद्ध आहे, हे समजण्याची क्षमताच नव्हती, त्याचे कृत्य अपराध होत नाही. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा क्रमांक ८४ चा २२ झाला, पण भाषा जवळजवळ अक्षरशः तीच राहिली. २०२३ च्या ऑगस्टमधील पहिल्या विधेयकात 'मनोविकलते'च्या जागी 'मानसिक आजार' असे आधुनिक पद घातले होते. त्याची व्याप्ती फारच मोठी होते असे ध्यानात आल्यावर संसदेने पुन्हा जुन्याकडेच धाव घेतली, आणि मला वाटते त्यात तिचे चुकले नाही. कारण न्यायालये प्रथमपासून असेच मानीत आली आहेत की, वैद्याच्या दृष्टीने वेडा असणे निराळे आणि कायद्याच्या दृष्टीने वेडा असणे निराळे. रोग असला म्हणजे क्षमा मिळाली असे नव्हे, त्या रोगाने त्या क्षणी समजच नष्ट केली होती हे दिसले पाहिजे. आणि ते दाखविण्याचा बोजा आरोपीवर असतो. मात्र तो बोजा सरकारपक्षावरील बोजाइतका जड नाही, दिवाणी दाव्यात वादीला जेवढी शाबिती करावी लागते तेवढीच येथे पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली गुजरातेतील एका खटल्यात सांगितले. शिवाय, बचाव पुरता सिद्ध झाला नाही तरी त्या पुराव्याने आरोपीच्या हेतूविषयीच रास्त संशय उत्पन्न झाला तर त्याचा फायदा आरोपीलाच मिळावयाचा.

महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाचा खटला या संदर्भात वाचण्यासारखा आहे. त्याने १९९४ साली आपल्या पत्नीचा भरदिवसा वरवंट्याने खून केला होता; खालच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला दोषी धरले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली, त्याच्या घराण्यातील मनोविकाराचा इतिहास, घटनेपूर्वी त्याच्यावर झालेले उपचार, कृत्यामागील कारणाचा क्षुल्लकपणा, कृत्यानंतर लपण्याचा वा पळण्याचा यत्किंचितही प्रयत्न न करणे, आणि अटकेनंतरच्या काही महिन्यांत त्याला वारंवार इस्पितळात न्यावे लागले ही गोष्ट, या सर्वांचा एकत्र विचार करून त्याला ८४ व्या कलमाचा लाभ दिला. त्या एका क्षणीचे मन कोणीच पाहिलेले नसते. ते त्याच्या आगेमागेच्या वर्तनावरून अजमावावे लागते. इस्पितळाचे जुने केसपेपर घरात जपून ठेवणारा एखादा भाऊ किंवा आई असणे यावर किती माणसांचे नशीब अवलंबून असते, हे असे निकाल वाचताना कळते.

आता त्या दुसऱ्या, अबोल प्रश्नाकडे वळू. आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, १८९८ च्या, १९७३ च्या, व आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही, यासाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. दंडाधिकाऱ्याला चौकशीच्या वेळी, किंवा सत्र न्यायाधीशाला खटल्याच्या वेळी, आरोपी मनोविकल असून बचाव करण्यास असमर्थ आहे असे वाटले, तर त्याने प्रथम त्या गोष्टीचाच शोध घ्यावा, जिल्हा शल्यचिकित्सकाकडून आरोपीची तपासणी करवावी, डॉक्टराची साक्ष घ्यावी, आणि असमर्थता खरी ठरल्यास कामकाज पुढे ढकलावे. मग त्याला जामिनावर सोडावे, पण कोणाच्या हवाली? जो नातेवाईक त्याची काळजी घेण्याची व त्याच्याकडून इतरांस इजा न होऊ देण्याची हमी देईल त्याच्या. असा हमीदार न मिळाला तर सुरक्षित जागी ठेवावे. आणि आरोपी बरा झाला म्हणजे खटला पुन्हा सुरू करावा. कागदावर ही सारी व्यवस्था दयाबुद्धीने भरलेली दिसते. तीत एकच उणीव अशी होती, की 'पुढे ढकलावे' म्हटले, पण किती पुढे, हे कोठेच म्हटले नव्हते.

शिवाय सारे काही 'वाटले तर' या दोन शब्दांवर लटकलेले असते. न्यायाधीशाला वाटावे कसे? जो आरोपी ओरडतो, कपडे फाडतो, न्यायाधीशालाच शिव्या देतो, त्याच्याविषयी कोणालाही वाटेल. पण ज्याचा विकार त्याला अबोल करतो, जो तारखेमागून तारखेला पोलिसांच्या गाडीतून येतो, कोपऱ्यात खाली मान घालून बसतो, विचारले तर होकारार्थी मान हलवतो आणि गाडीतून परत जातो, तो तर कच्च्या कैद्यांतला सर्वांत सोयीचा कैदी. त्याची कोणाला तक्रार नसते. त्याचा वकील त्याला बहुधा तारखेच्या दिवशी, व्हरांड्यात, पाच मिनिटे भेटतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली डस्की नावाच्या आरोपीच्या प्रकरणात सांगितले की, आज वार कोणता, आपण कोठे आहो, एवढे आरोपीला सांगता आले म्हणजे तो समर्थ झाला असे नाही; आपल्या वकिलाशी समजुतीने सल्लामसलत करण्याची आणि चाललेल्या कामाचा नुसता तपशीलच नव्हे तर मतलबही ध्यानात घेण्याची शक्ती त्याच्या ठायी आज आहे काय, ही खरी कसोटी. ही कसोटी लावावयाची तर कोणीतरी त्या माणसाशी पाच मिनिटांहून अधिक बोलावयास हवे.

तहकूब झालेल्या खटल्यांचे पुढे काय होत असे याचा पहिला मोठा उलगडा हजारीबागच्या मध्यवर्ती तुरुंगाने केला. तेथील मोफत कायदे-साहाय्य समितीच्या वीणा सेठी यांनी पाठविलेले पत्र हीच याचिका समजून सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निकाल दिला, तेव्हा असे उघडकीस आले की, वेडे म्हणून अडकविलेले काही कैदी दोन-दोन, तीन-तीन दशके तेथेच पडून होते, आणि त्यांपैकी काही जण बरे झाल्याचा डॉक्टरांचा दाखला मिळाल्यानंतरही वर्षानुवर्षे तेथेच राहिले होते, केवळ त्या दाखल्यावर कोणी पुढील हुकूम काढला नाही म्हणून. वेडे म्हणून बंदी, शहाणे झाले म्हणून सुटका, या दोहोंमध्ये एक टिपण हलावयाचे होते. ते हलले नाही. यात कोणाचा दुष्टावा होता असेही दिसत नाही, आणि म्हणूनच हा प्रकार मला अधिक भयंकर वाटतो.

आसामातील माचांग लालुंग यांची हकीकत तर याहून विलक्षण. १९५१ साली, वयाच्या सुमारे तेविसाव्या वर्षी, गंभीर दुखापत केल्याच्या आरोपावरून त्यांना पकडले, आणि मनोविकल म्हणून तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडले. १९६७ साली रुग्णालयाने ते बरे झाल्याचे कळविले. तेव्हा त्यांना घरी न पाठविता गुवाहाटीच्या तुरुंगात हलविण्यात आले, आणि तेथे ते राहिले ते २००५ च्या जुलैपर्यंत. चोपन्न वर्षे. खटला एकदाही चालला नाही. अखेरीस एक रुपयाच्या जातमुचलक्यावर त्यांना सोडून दिले, तेव्हा त्यांचे वय सत्याहत्तर होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तीन लाख रुपये भरपाई व दरमहा निर्वाहाची रक्कम देवविली. २००७ च्या डिसेंबरात ते वारले. दोषी ठरून शिक्षा भोगली असती तर ते कितीतरी आधी बाहेर पडले असते, हे सांगावयास कायद्याच्या अभ्यासाची जरूर नाही.

एवढे सांगितल्यावर नेहमी एक आक्षेप येतो, की असे दरवाजे उघडे ठेवले तर लबाड लोक वेडाचे सोंग घेऊन निसटतील. सोंगाचे हे भय पुरातन आहे व त्याला वाङ्मयाचाही पाठिंबा आहे. आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणलेल्या 'हॅम्लेट'चा नायक सोंग घेतो, आणि गंमत म्हणजे शेवटच्या अंकात, अपराध माझ्याकडून नव्हे तर माझ्या वेडाकडून घडला, असा ८४ व्या कलमाला शोभेल असा बचावही मांडतो. परंतु रंगभूमीवरचे सोंग तीन तास टिकवावयाचे असते. मनोरुग्णालयात दिवसरात्र परिचारकांच्या नजरेखाली, झोपेत, जेवणात, स्नानात, आठवडेच्या आठवडे ते टिकविणे फार अवघड, आणि सराव असलेल्या डॉक्टराला ते बहुधा उमगते. त्यातही कृत्याच्या वेळच्या वेडाचे सोंग घेण्यात काही लाभ तरी कल्पिता येतो. आज आपण बचावास असमर्थ आहो असे भासवून मिळवावयाचे काय, तर शिक्षेला असते ती मुदतही नसलेला बंदिवास! या आपल्या देशात ते सोंग घेणारा मनुष्य खरोखरच मनोविकल असला पाहिजे.

या मुदतीच्या प्रश्नाला सरळ हात घातला तो अमेरिकेत, १९७२ साली, जॅक्सन विरुद्ध इंडियाना राज्य या खटल्यात. जॅक्सन हा मूकबधिर, बुद्धीने लहान मुलाच्या पातळीवरचा तरुण. त्याच्यावर दोन किरकोळ चोऱ्यांचे आरोप होते, एकीतला ऐवज चार डॉलरांचा, दुसरीतला पाच डॉलरांचा. तो बचावास असमर्थ ठरला, आणि 'शहाणा होईपर्यंत' त्याला ठेवून घेण्याचा हुकूम झाला; तो शहाणा होण्याचा संभव नसल्यामुळे नऊ डॉलरांपायी ही जन्मठेपच होती. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले की, नजीकच्या काळात हा समर्थ होईल काय हे पाहण्यास जेवढा वाजवी अवधी लागेल तेवढाच काळ याला या कारणावरून अडकवून ठेवता येईल. पुढे एक तर इतर नागरिकांना लागू असलेल्या रीतीने त्याला इस्पितळात दाखल करावे, नाही तर सोडून द्यावे. इंग्लंडने निराळी वाट काढली. १९९१ च्या कायद्याने तेथे असे ठरले की, आरोपी असमर्थ असला तरी ते कृत्य त्याने केले की नाही, एवढ्यापुरता पुरावा न्यायालयाने तपासावाच. केले नसेल तर प्रकरण तेथेच मिटावे. मला ही वाट अधिक न्याय्य वाटते, कारण जॅक्सनच्या नियमाने माणूस सुटतो खरा, पण आरोपाचा डाग पुसला जात नाही. आणि पुराव्याचे म्हणाल तर तो ठेवून देण्याने वाढत नाही. साक्षीदार मरतात, परगावी जातात, विसरतात. जप्त केलेला माल गहाळ होतो. वीस वर्षांनी बरा होऊन आलेला आरोपी ज्या न्यायालयात उभा राहतो तेथे त्याच्या बाजूने बोलणाराही उरलेला नसतो.

आपल्या संसदेनेही २००८ च्या दुरुस्तीने, जी पुढे नव्या संहितेतही कायम राहिली, या वाटेने एक पाऊल टाकले, जरी त्याचा गाजावाजा झाला नाही. शल्यचिकित्सकाला विकार आढळला तर त्याने आरोपीला मनोविकारतज्ज्ञाकडे वा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे पाठवावे, त्यांच्या मताविरुद्ध वैद्यकीय मंडळाकडे दाद मागता यावी, आरोप कोणताही असो, ज्याला रुग्णालयात ठेवण्याची जरूर नाही त्याला हमीदार मिळाल्यास घरी सोडावे, आणि ज्याला जामीन देता येत नाही त्याला नियमित मानसोपचार मिळतील अशाच ठिकाणी ठेवावे, अशा तरतुदी तीत आल्या. सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र याहून लहान, अर्ध्या वाक्याची आहे. खटला तहकूब करण्यापूर्वी न्यायालयाने कागदपत्रे व पुरावा तपासावा. आरोपीविरुद्ध सकृद्दर्शनीही काही दिसत नसेल तर तहकुबी न देता त्याला तेथल्या तेथेच आरोपमुक्त करावे. आणि ही तपासणी करताना आरोपीला काहीही विचारू नये, त्याच्या वकिलाचे म्हणणे मात्र ऐकून घ्यावे, असे कलम सांगते. आरोपीला न विचारणे हे योग्यच आहे; त्याने काय उत्तर द्यावे? परंतु त्यामुळे सारा भार त्या वकिलावर येतो, आणि अशा आरोपीचा वकील हा बहुतेक वेळी विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला, फार तर महिन्यापूर्वी हे कागद हाती आलेला असा असतो. त्याने ते कागद वाचले, तुरुंगातील दवाखान्याची नोंदवही मागविली, घरच्यांचा ठावठिकाणा काढला, आणि या कलमाचे नाव घेऊन न्यायाधीशापुढे अर्ज ठेवला, तरच ते अर्धे वाक्य कामी येते. नाही तर रोजनाम्यावर पुढची तारीख पडते.